हॉर्न नसलेली गाडी

वळण आलं तसा बाबांचा तळहात स्टिअरिंगच्या मधोमध दाबला गेला. आवाज आला नाही.

जेवणाच्या टेबलाला मी रेसिंगच्या खेळाचं स्टिअरिंग बसवलंय, खाली तीन पेडल आणि समोर स्क्रीन. जुन्या जमान्यातली एक चौकोनी रेसची गाडी मला फार आवडते. ती सरळ धावतच नाही, सारखी हातातून निसटू पाहते. रविवारी हट्टाने बाबांना बसवलं. त्यांची सगळी नोकरी घाटात बस चालवण्यात गेली.

त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं, आणि गाडी कडेला घेऊन थांबवली.

"हॉर्न बिघडलाय रे."

"नसतोच बाबा. इथे समोरून कुणी येत नाही. सगळे एकाच दिशेने पळतात."

"समोरून कुणीच नाही?" ते उठले. "मग कसली मजा!"

तेव्हापासून मला चैन नाही. घाटात पलीकडचं दिसत नाही म्हणून हॉर्न द्यायचा, आणि पलीकडून हॉर्नचंच उत्तर यायचं. दोन अनोळखी माणसं एकमेकांना जपून जायची. माझ्या ऑफिसातही सगळे एकाच दिशेने पळतात. तिथे मी कुणाला सांगू, की मी येतोय?

काल खेळताना त्याच वळणावर माझा तळहात आपोआप मधोमध गेला. ब्रेकवर पाय ठेवून मी उत्तराची वाट बघत राहिलो, आणि मागच्या गाड्या मला धडका देत पुढे निघून गेल्या.