काखेत उसवणारा माणूस

सोमवार, १४ जुलै २००३. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात पीरमहंमदने चारशे पंच्याऐंशी रुपये मोजून सहाशे बारा पानांचं एक इंग्रजी पुस्तक घेतलं. संगणकावर माणसं कशी घडवायची आणि त्यांना कसं चालवायचं, हे त्यात चित्रांसह दिलं होतं. पीरमहंमदचं इंग्रजी मापाच्या वहीपुरतं. म्हणून दुकानदाराने पुस्तक माझ्या हातात दिलं. मी चाळलं. चित्रात शिंगं असलेला एक राक्षस होता आणि त्याच्या अंगभर बारीक चौकोन आखलेले होते. मला काही कळलं नाही, पण पुस्तकाला अनुक्रमणिका आणि शेवटी सूची आहे एवढं पाहून मी म्हणालो, "घ्यायला हरकत नाही."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आंबेगाव तालुक्यातल्या एका दूध संस्थेत अठ्ठावीस वर्षं हिशेबाचं काम केलं आहे, आता येत्या मे महिन्यात निवृत्त होईन. पीरमहंमद हा माझा शाळेतला सोबती. जुन्नरच्या बाजारपेठेत त्याचं शिलाईचं दुकान होतं, आणि त्याच्या वडिलांप्रमाणे त्यालाही गाव 'मास्तर' म्हणायचं. तळेघरच्या बाजूच्या दोन-तीन शाळांचे गणवेश तो शिवायचा. मे महिन्यात एसटीने जायचा, जिथे एसटी संपे तिथून पुढे पायी, आणि वाडीवाडीत पोरांची मापं घेऊन यायचा. २००३ साली ते गणवेश तयार कपड्यांच्या व्यापाऱ्याकडे गेले. दुकानात उरली ती फक्त उसवलेल्या पँटा शिवण्याची आणि चेन बदलण्याची कामं.

त्याचा साडू भिवंडीला कपड्यांच्या कारखान्यात होता. त्याने निरोप धाडला होता, दिवाळीनंतर इकडे या, कटिंगचं काम आहे, राहायला खोली देतो. पीरमहंमदला जुन्नर सोडायचं नव्हतं. त्याची बायको शमा तर म्हणे, "मी इथंच ऱ्हाते, तुमी जावा आन् सणाला या." म्हणजे घराचे दोन तुकडे होणार होते.

याच सुमारास केबलवाल्या भरतच्या कचेरीत तो पडदे शिवून द्यायला गेला. भरत स्थानिक वाहिनीवर दुकानांच्या जाहिराती दाखवायचा. त्याच्या संगणकावर चौकोनी रेघांनी बनलेला एक माणूस उभा होता.

"ह्यो कोण?" पीरमहंमदने विचारलं.

"नमुना हाय, मास्तर. प्रोग्रॅमबरोबर आला. ह्याला हालवाया शिकायचं तर पुण्यात पन्नास हजार घेत्यात. मला कुठला येळ?"

पीरमहंमद संगणकाच्या पडद्याजवळ गेला. "आरं, हे तर चौकडीचं कापड हाय. अंगावर बसवलंय नुसतं."

भरत हसला. पण त्याला खरोखरच माणूस हवा होता. तो म्हणाला, "आळेफाट्याच्या पाइपवाल्याची दिवाळीची जाहिरात हाय. टोपीवाला शेतकरी चालत येतो आन् हात जोडतो, एवढंच. तेवढं करून दावा, मी तुमाला पगारावर घेतो. वसुबारसेला दावायचीय."

पुस्तक आलं ते असं. सकाळी सात ते नऊ भरतचा संगणक रिकामा असे. मी कचेरीची बस पकडण्याआधी तिथे जाऊन बसायचो, वाचून अर्थ सांगायचो, आणि पीरमहंमद माऊस धरायचा. मधे वीज गेली की केलेलं पुसलं जायचं.

पहिला गोंधळ पुस्तकाचाच होता. ते प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्तीवर लिहिलेलं, संगणकात नवी. पान ४१ वर लिहिलेलं, डावीकडचं तिसरं बटण दाबा. डावीकडे बटणं दोनच होती. आम्ही उजवीकडचं तिसरं दाबून पाहिलं, तर पडदा चार भागांत विभागला आणि प्रत्येकात तोच माणूस वेगळ्या बाजूने दिसू लागला. पुन्हा एक कसा करायचा ते पुस्तकात नव्हतं. शेवटी आम्ही संगणक बंद केला.

मी एक वही सुरू केली. पहिला रकाना पान क्रमांक, दुसरा 'काय करण्यास सांगितले', तिसरा 'काय झाले'. ऑगस्टअखेर तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'काही झाले नाही' असं आहे. चार ठिकाणी 'माणूस नाहीसा झाला' असं आहे. पैकी एकदा तो खरोखर गेला होता आणि तीनदा आम्ही चित्र इतकं जवळ ओढलं होतं की त्याच्या पोटात शिरलो होतो, हे भरतने सांगितलं.

पीरमहंमद मात्र खचला नाही. त्याने पुस्तकातला राक्षस सोडून दिला आणि आपल्या पद्धतीने शेतकरी करायला घेतला. पुढा वेगळा, पाठ वेगळी, दोन बाह्या, पायजम्याचे दोन पाय. सगळे भाग त्याने पडद्यावर कागदी कटिंगसारखे मांडले, मग वळवून एकमेकांना लावले. मापं त्याला पाठ होती. तळेघरकडच्या माणसाचा खांदा किती, शेतात वाकून वाकून पाठीत किती जादा सोडावं लागतं, हे तो न बघता सांगायचा. प्रत्येक भागाच्या कडेला त्याने दीड इंच जादा ठेवून ते आत दुमडलं. शिंपी त्याला माया म्हणतात. पोरगं वाढलं की ती उसवून कपडा सैल करता येतो. गणवेशात माया न ठेवणारा शिंपी आमच्याकडे चोर समजला जातो.

महिनाभरात शेतकरी उभा राहिला. सदरा, पायजमा, टोपी, मिशीसुद्धा. मला तो फार आवडला.

मग त्याने शेतकऱ्याचा हात उचलला आणि शेतकरी काखेत उसवला. नुसता उसवला नाही, तर त्या फटीतून आतली पोकळी दिसली आणि पलीकडे पाठीची उलटी बाजू. आत कुणीच नव्हतं.

"माया कमी पडली," पीरमहंमद म्हणाला.

त्याने माया अडीच इंच केली. शेतकरी पुन्हा उसवला. तीन इंच केली, तर दुमडलेला भाग सदऱ्यातून बाहेर आला आणि त्याला काखेत पंख फुटल्यासारखं दिसू लागलं. तीन आठवडे हेच चाललं. मी पुस्तक पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, दोन भागांच्या कडेचे बिंदू एकावर एक आणून त्यांचा एकच बिंदू करा. मी त्याला तसं सांगितलं.

"एकच? मग मागं काय उरलं?"

"काही नाही."

"कुंडलिकराव, तुमी हिशेबातली माणसं. तुमी काही न उरवता खातं बंद करता का? उद्याला पाइपवाला म्हणला, शेतकरी जरा जाड करा, तर मी काय उसवू?"

मला ते पटलं. आम्हीही दरसाल तरतूद ठेवतो. पुस्तक लिहिणाऱ्याला धंद्याचा अनुभव नसावा, असं आम्ही दोघांनी ठरवलं आणि बिंदू दोनच ठेवले.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी शमावहिनी भरतच्या कचेरीत आल्या. साडूचा फोन आला होता, खोली दुसऱ्याला देऊ का विचारत होता. त्यांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत अर्धवट विणलेला बाळाचा स्वेटर. त्या फावल्या वेळात लोकर विणायच्या.

"काय झालं वो, अजून काखच चाललीय का?" त्यांनी विचारलं.

"तू बस गप," पीरमहंमद म्हणाला.

"बसतेच की." त्या स्टुलावर बसल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या. पीरमहंमदने हात उचलून दाखवला. काख उसवली. "भाऊ," त्या मला म्हणाल्या, "ह्याला शिलाई कशापायी?"

"म्हणजे?"

त्यांनी पिशवीतून स्वेटर काढून माझ्यापुढे ताणला. त्याला एकच बाही होती, आणि दुसरीच्या जागी सुईवर नुसते टाके उचललेले होते. "ही बाही हितनंच निघालीय. धागा त्योच. ह्याला जोड न्हाई, मग उसवल कसं?"

पीरमहंमदने तो स्वेटर हातात घेतला, काखेत बोटं घातली, बाही वर केली, खाली केली. मी पुस्तक उघडलं. पान ११८ वर चित्र होतं, एका ठोकळ्याच्या बाजूचा चौकोन बाहेर ओढायचा, की हात निघतो, पुन्हा ओढायचा, की कोपर. ते पान मी किमान दहा वेळा वाचलं होतं.

"बावीस वर्षं झाली लग्नाला," शमावहिनी म्हणाल्या, "माज्या विणण्याकडं कवा बघितलं न्हाई मास्तरानं. लोकरीला कवा धंदा म्हणलं न्हाई."

"आता बघतोय न्हवं," तो म्हणाला. त्याने महिनाभराचा शेतकरी पुसून टाकला. मला वाईट वाटलं.

नवा शेतकरी एका ठोकळ्यातून ओढून काढला. तो पहिल्यासारखा देखणा नव्हता, पण हात उचलला तर काख शाबूत राहिली. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे आत हातपाय वाकवणारी हाडं घातली. आता चालवायचा होता. पाय पुढे गेले, मागे आले, पण माणूस जमिनीवर घसरत होता, ओल्या शेवाळावरून जावा तसा. पुस्तक म्हणत होतं, चालणाऱ्या माणसांचं निरीक्षण करा. म्हणून आम्ही दोघं एसटी स्टँडवर बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडे बघू लागलो. मी वहीत नोंद केली, पुढची टाच टेकते तेव्हा मागची बोटं अजून जमिनीवर असतात. ओळखीचा एक कंडक्टर गाडीतून ओरडला, "काय मास्तर, वर मान करून बघा की! तोंडं पण हायती लोकास्नी!"

हे सगळं घेऊन आम्ही परत आलो, आणि शेतकरी घसरतच राहिला. का घसरतो ते मला आजही माहीत नाही.

वसुबारसेला तीन दिवस उरले. भरतने शेतकरी पाहिला आणि खुर्चीत मागे रेलून हसला. "मास्तर, ह्यो चालतोय का त्याला कुणी मागनं वढतंय?" मग त्याने टेबलाच्या खणातून एक सीडी काढली. "मी पुण्यावरनं आणलीय. चाळीस माणसं हायती हिच्यात. तयार. चालत्यात, पळत्यात, हात जोडत्यात."

त्याने एक माणूस पडद्यावर आणला. तो टाच टेकून, बोटं उचलून, अगदी बरोबर चालला. पीरमहंमद बघत उभा राहिला. शेवटी त्याने सकाळपासून गळ्यात तसाच राहिलेला टेप काढला, गुंडाळून खिशात ठेवला, आणि मला म्हणाला, "चला कुंडलिकराव. साडूला फोन करतो."

आम्ही जिन्यापर्यंत गेलो असू. मागे भरतचा फोन वाजला. पाइपवाल्या शेठला सीडीतला माणूस बघायला त्याने बोलावलं होतं, आणि शेठ खालीच पोचले होते. ते वर आले, पडद्यासमोर बसले. भरतने एकेक माणूस दाखवला. कोट घातलेला, अर्ध्या चड्डीतला, परदेशी पोलीस, चष्मेवाली बाई.

"ह्यो कोण सायेब?" शेठ म्हणाले. "सायेब लोक माझा पाइप घेत्यात व्हय? शेतात कोट घालून कोण जातंय रं? टोपी कुठाय?"

भरतने चाळीसही उघडून पाहिले. एकालाही टोपी नव्हती.

पीरमहंमद जिन्याजवळून परत आला. कोटवाल्या माणसाकडे त्याने वाकून बघितलं. "भरत, ह्याचा कोट काढता येतो का?"

"येतो बहुतेक. आत अंग हाय त्याला."

"अंग हाय?" पीरमहंमद म्हणाला. "मग एवढे दिस मी काय करत व्हतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो बसला. कोट काढलेल्या अंगाचेच चौकोन बाहेर ओढून त्याने त्यावर सदरा घडवला, बिंदूला बिंदू जोडून, कुठे माया न ठेवता. पण कपडा अंगापासून दोन बोटं सैल ठेवला. पुस्तकातल्या राक्षसाला कपडेच नसल्याने हे त्यात नव्हतं. दंडाशी जरा घट्ट, पाठीत जरा झोळ, पायजमा घोट्याच्या वर. मग टोपी, एका बाजूला किंचित कलती. कोट काढलेला तो परदेशी माणूस दुपारपर्यंत आमच्या तालुक्यातल्या मढकडचा कुणीतरी वाटू लागला. शेठना बोलावून दाखवला, तर ते म्हणाले, "आता आला गडी!"

वसुबारसेला जाहिरात लागली. शेतकरी चालत आला, हात जोडले, काख उसवली नाही. बाजारपेठेत लोकांनी नावं ठेवलीच. माणूस दिसतो शेतकरी पण चालतो मुंबईच्या सायबासारखा, म्हणाले. शमावहिनींनी स्वतः साडूला फोन करून खोली दुसऱ्याला द्या म्हणून सांगितलं. भरतने मास्तरला एक तारखेपासून पगारावर घेतलं. त्याला सहा वर्षं झाली. तयार माणसांना इकडचे कपडे घालणं हेच त्याचं काम आहे.

तो हे शास्त्र शिकला की नाही, हे मला सांगता येत नाही. पुस्तकाची एकशे अठरापुढची बहुतेक पानं आम्ही उघडलेली नाहीत. त्याने घडवलेला एकही माणूस चालत नाही, आणि जे चालतात ते त्याने घडवलेले नाहीत. मी त्याला एकदा हे विचारलं. तो म्हणाला, "मी तळेघरला पोरांची मापं घ्यायचो, तवा पोरं काय मी घडवली व्हती का?" त्याने माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं असं मला वाटत नाही.

गेल्या महिन्यात त्याला एका बचत गटाच्या जाहिरातीसाठी बाईला लुगडं नेसवायचं होतं. खऱ्या लुगड्याची चौकडी पडद्यावर यायला हवी, म्हणून कापडाचा तुकडा घेऊन मी घोडेगावला एका फोटो स्टुडिओत स्कॅन करून आणला. सुटे नव्हते. स्टुडिओवाल्याचे पस्तीस रुपये मी अजून दिलेले नाहीत.