भालेवाल्यावर शिक्का

चिंचवडच्या पोस्टातला कारकून शिक्का हाणण्याआधी तिकिटावरच्या चित्राला हळूच “माफी असावी” म्हणायचा. देऊळ असो की घोडा, माफी सगळ्यांची.

माझा मेहुणा जहाजावर खलाशी. कुठल्याशा दूरच्या बेटावरून त्याचं पत्र आलं. तिकिटावर देवमासा, आणि होडीतून त्याच्यावर भाला रोखलेला माणूस.

“ह्यो मासा मी मरू देणार न्हाई,” कारकून म्हणाला. आलेल्या पत्राचा शिक्का पाकिटाच्या पाठीवर मारायचा असतो. त्याने तो पुढे, थेट भालेवाल्यावर हाणला. माफी न मागता.

पुढच्या दोन्ही पत्रांवर तेच तिकीट होतं. दुसऱ्याच्या वेळी तपासणीचे साहेब समोरच उभे.

“शिक्का पुढं का मारलास? नोकरी घालवायचीय का?”

“साहेब, त्याच्या हातात भाला हाय.”

त्याला लेखी ताकीद मिळाली.

नंतरच्या पत्रावर तिकीट वेगळं निघालं. त्याच बेटाचा डोंगर आणि समोर मोकळा समुद्र. मासा मारला की काय म्हणून मी तर धास्तावलोच. त्याने भिंग घेऊन एकेक लाट तपासली. मग नियमाप्रमाणे पाठीवर अलगद शिक्का मारला आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

“सुटला बघा, राव!”

मी भिंग मागून घेतलं. खरंच सुटला होता.