चोर ती आधीच ओळखायची

बायकोला जाऊन एक पावसाळा उलटला. तेव्हापासून पलंगाखालची लोखंडी पेटी ओढून मी आमची जुनी चित्रांची पुस्तकं बघत बसतो. सुनेला वाटतं, म्हातारा दुःखानं पोरकट झाला. वाटू दे. पेटीला मी कुलूप घालतो, कारण रस्त्यावर रद्दीवाल्याची हाक आली की सून आधी पेटीकडे बघते.

मला एकच गोष्ट शोधायची आहे. माझ्या बायकोला अक्षरओळख नव्हती. तरी गोष्टीतला चोर कोण, ते तिला माझ्याआधी कसं कळायचं?

बासष्ट सालानंतर मी बीडकडून पिंपरीला आलो. शिक्षण चौथी. कंपनीत आधी ओझी उचलली, मग त्यांनी इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसवलं. पार्ट गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात घालायचा, बसला नाही की बाजूला फेकायचा. प्रत्येक तुकड्यावर संशय घ्यायचा, त्याचाच पगार. घरी आलं तरी ती नजर काही डोळ्यातून जायची नाही.

चिंचवड स्टेशनबाहेर एका मुसलमान चाचांचं रद्दीचं दुकान होतं. त्यांच्या ढिगात चित्रांच्या गोष्टी यायच्या. राजे, राक्षस, जंगलातले वीर, सगळं असायचं. मला चोरीच्या आणि खुनाच्या गोष्टी आवडायच्या. नुसतं छापील पुस्तक माझ्यानं पुढं सरकत नसे. इथं मी अक्षरात अडखळलो की चित्र हात द्यायचं.

पहिली पाळी सुटली, चहा झाला की मी मोठ्यानं वाचायचो. ती मावळातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. शेंगा निवडत शेजारी बसायची. दोन पानं होतात न होतात तोच चित्रातल्या एका माणसावर बोट टेकवायची.

"ह्यो."

"हा कसा असेल? हा मुनीम आहे. अजून तोंडसुद्धा उघडलं नाही त्यानं."

"मग वाचा की फुडं. म्या कुठं धरलंय तुमाला?"

शेवटच्या पानावर मुनीमच बेड्यांत.

एकदा झालं तर ठीक. पण दर वेळी? कंपनीत एखाद्याचा प्रत्येक पार्ट बरोबर निघायला लागला की मी आधी माझं गेज तपासायचो, मग त्याच्याकडे बघायचो.

आधी वाटलं, हिला वाचता येतं आणि ही लपवते. एके दिवशी मी स्टोव्हशेजारच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं, चहात पाल पडली आहे. तिनं चहा गाळला, मला दिला, स्वतः प्यायली. मीच कप हातात धरून बसून राहिलो. मग तिनं ओलं फडकं घेतलं आणि ती ओळ पुसली. "भिताड कशापायी घाण केलं?" म्हणाली. वाचून पुसली की न वाचता, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग संशय चाचांवर गेला. बाजाराला जाताना ती त्यांच्या दुकानावरून जायची. मी जाऊन सरळ विचारलं, "चाचा, आमच्या घरी गोष्टीचा शेवट आधी कोण पोचवतं?"

चाचा तराजू खाली ठेवून म्हणाले, "भाऊ, मी पुस्तकं वाचत नाही, तोलतो. तुमच्या घरचा चोर माझ्या पारड्यात कशाला शोधता?"

तरी पुढचं पुस्तक मी त्यांनी न पाहता ढिगाच्या तळातून ओढलं, सुतळीनं बांधलं आणि तिच्यासमोरच गाठ सोडली. तिसऱ्या पानावर ती म्हणाली, "ह्यो दाढीवाला." दाढीवालाच निघाला.

"तुला कसं कळतं ते सांग ना."

"न्हाई. सांगितलं तर मंग सांजचं काय करशाल तुमी?"

ऐंशीच्या सुमारास कंपनीला टाळं लागलं. मी घरी बसलो. वाचणं सोडलं, बोलणंही सोडलं. बरोबरीचे कामगार भेटायला यायचे, तर यातला मालकाला कोण फितूर आहे हेच मी बघत राहायचो. तेव्हा एक दिवस तिनंच घरातल्या ढिगातलं एक न वाचलेलं पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. बंगल्यातून हार चोरीला गेलेला, अशी गोष्ट. वाचायला लागलो, पण तिचं बोट काही येईना.

"आज तुमी आदी," ती म्हणाली.

मी म्हणालो, डॉक्टर.

"मला तर पोस्टमन वाटतोय."

आणि शेवटचं पानच नव्हतं. रद्दीच ती, दाद कुणाकडे मागणार?

मग ते भांडण आम्हाला जन्माचं पुरलं. कंपनी उघडली, पोराचं लग्न झालं, मी निवृत्त झालो. कुठल्याही वादात हरायला लागली की म्हणायची, "आन त्यो पोस्टमनच हुता." शेवटी दवाखान्यात मी तिच्या कानाशी म्हटलं, "डॉक्टरच होता बरं का." डोळे न उघडता ती म्हणाली, "पोस्टमन." शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडे बघत राहिली.

आता माझी नजर अधू झाली. भिंग धरलं तर एकेक शब्द दिसतो, पण ओळ हाती लागत नाही. म्हणून वाचणं सोडलं आणि नुसती चित्रं बघत गेलो. तेव्हा मुनीम सापडला. तो मागं उभा, तोंड मिटून. पण त्याच्या कोटाची बटणं एकेक करून रेखाटलेली, चष्म्याची काडीसुद्धा. बाकी गर्दीला धड नाकंसुद्धा नाहीत. ज्याला पुढं बेड्या घालायच्या, त्याला चित्रकार सुरुवातीपासून मन लावून काढतो. मी बोलणाऱ्यांकडे बघायचो, कारण अक्षरं त्यांच्या तोंडापाशी असायची. ती न बोलणाऱ्यांकडे बघायची. दाढीवाल्याचं पुस्तक काढून पाहिलं. त्याचंही तेच. इन्स्पेक्शनमध्ये आयुष्य काढून मला हे दिसलं नव्हतं.

मग ते बिनशेवटाचं पुस्तक काढलं. डॉक्टरच्या अंगावर सगळी बटणं, खिशाची शिवणसुद्धा. पोस्टमनला पहिल्यापासून शेवटपर्यंत एक बटण नाही. मी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. नाहीच.

मुनिमाला दुसऱ्या पानावर धरणाऱ्या बाईला हे दिसलं नसेल, हे मी मानणार नाही. मी घरी तोंड पाडून बसलो होतो, म्हणून ती मुद्दाम हरली. पान फाटलेलं निघालं, म्हणून ते माझ्या लक्षात आलं नाही, एवढंच.

पण दवाखान्यात तिनं पोस्टमन का म्हटलं? तेव्हा तर कुठली कंपनी बंद नव्हती. तिथं मी तोंड पाडलंय हे तिनं डोळे मिटून कसं पाहिलं, ते अजून मला सापडलेलं नाही.