फलटण ते आटपाडी: तीन सेक्शनचं वऱ्हाड

ऑफिसमधल्या अक्षयने लग्नाचं आमंत्रण दिलं आणि मी लगेच हो म्हटलं, ते काही त्याच्यावरच्या प्रेमाने नाही. माणदेशातून जाणारा तो रस्ता मला कधीचा बघायचा होता आणि वऱ्हाडाच्या गाडीत फुकट जागा मिळत होती. आदल्या संध्याकाळी पुण्याहून एसटीने फलटण गाठलं. याच वाटेने जायचं मनात असेल तर आधीच सांगते, वऱ्हाडात निवृत्त सुभेदार असतील तर सहल विसरा.

हे सुभेदार म्हणजे अक्षयचे मामा. सकाळी दारात तीन जीपगाड्या लागल्या आणि मामांनी आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं.

"धा माणसांचं एक सेक्शन. तीन सेक्शनची एक प्लाटून. तीन प्लाटूनची कंपनी. अशा चार कंपन्या आन् वर सपोर्टवाले धरून बटालियन, आठशेच्या आसपास माणूस. आपली हाय निस्ती एक प्लाटून. तवा गोंधळ चालायचा न्हाई!"

"मामा, आपण लग्नाला निघालोय, लढाईला न्हाई," अक्षय म्हणाला.

"दोन्हीत फरक किती ते कळंल तुला," मागून त्याची आई, शालनताई, पुटपुटल्या.

एका जीपमध्ये एक सेक्शन. पहिल्याचे कमांडर अक्षयचे वडील, दुसऱ्याचा त्याचा चुलतभाऊ, तिसऱ्याची करवली म्हणजे त्याची बहीण पूजा. मला तिसऱ्या सेक्शनमध्ये नंबर दोन केलं. लाइट मशीनगन नंबर एक चालवतो. नंबर दोन गोळ्यांनी भरलेली मॅगझिनं वाहतो आणि त्याची बाजू सोडत नाही. आमची मशीनगन पूजाच, आणि मॅगझिनं म्हणजे तिची मेकअपची पेटी. ती अख्खा प्रवास माझ्या मांडीवर होती. मांडी अजून दुखते आहे.

मोगराळे घाटापर्यंत मामा पहिल्या जीपमध्ये होते. घाट चढल्यावर दुसऱ्या जीपमध्ये गेले, मग आमच्यात आले. प्रत्येक सेक्शनचं मनोबल तपासायचं होतं म्हणे. आमचं तपासता तपासता त्यांनी फोन चार्जिंगला लावला आणि घोरले.

शालनताई त्यांच्याकडे बघत मला हळूच म्हणाल्या, "माज्या लग्नात दादा सीमेवर हुता. हळद लागताना मी आपली दाराकडंच बघत हुते. घरातल्या एकाबी लग्नाला ह्यो माणूस न्हवता बघ. आज पयल्यांदा मामा म्हणून पाठीशी उभा ऱ्हाणार."

दहिवडीला चहा-भजीसाठी थांबलो. भजी झकास, शंभरात पोट भरतं, मिरची मात्र जपून खा. निघतानाचा नियम मामांनीच घालून दिलेला होता: कमांडरने आपली माणसं मोजायची आणि हॉर्न द्यायला सांगायचं. तीन हॉर्न झाले की कूच. तीन हॉर्न झाले, आम्ही निघालो.

म्हसवडच्या पुढचा रस्ता मला फार आवडला. ऊस कधीच मागे पडलेला असतो, मोकळं माळरान, मेंढ्या, मधूनच डाळिंबाच्या बागा. दिघंचीला पोहोचलो, म्हणजे सांगली जिल्हा लागला. मामा आता कुठल्या जीपमध्ये आहेत ते विचारायला पूजाने त्यांना फोन लावला. फोन आमच्याच सीटखाली वाजला.

गाड्या थांबल्या. "तुमच्यात हायेत ना?" "न्हाई, आमाला वाटलं तुमच्यात!" शालनताईंचा चेहरा बघवेना. एक जीप रिकामी करून माघारी पिटाळली आणि बाकीचे दाटीवाटीने आटपाडीला पोहोचलो.

मुहूर्त जवळ आला. गुरुजी घड्याळ दाखवू लागले, मुलीकडचे कुजबुजू लागले. अक्षय हाताची घडी घालून उभा. "मामा आल्याबिगर मी पाटावर चढत न्हाई."

तेवढ्यात मांडवासमोर डाळिंबांच्या क्रेटनी भरलेला टेम्पो थांबला आणि मामा उतरले. दहिवडीचा हॉटेलवाला माजी सैनिक निघाला होता. त्याच्याशी आतल्या खोलीत कुणाची बटालियन भारी यावर वाद रंगला आणि हॉर्न ऐकूच आले नाहीत. माघारी गेलेली जीप मात्र नंतर हात हलवत परत आली.

"मला कुणी मोजलंच न्हाई?" मामांचा आवाज चढला.

"आवं मामा, माज्या सेक्शनात धा हुते. बरूबर मोजले," चुलतभाऊ चाचरत म्हणाला.

"माज्यातबी धाच," पूजा म्हणाली. "तुमी कुठल्या सेक्शनातच न्हवता."

मामा कपाळाला हात लावून हसायलाच लागले. "प्लाटूनीला हेडक्वार्टर असतंय. कमांडर, त्याचा हवालदार, निरोप पोचवणारा रनर. तेच लावायचं ऱ्हायलं की माज्याकडनं!"

शालनताई पुढे आल्या आणि त्यांनी भावाच्या मुठीत अक्षता दिल्या. "दादा, लय वर्सं सरकारच्या मोजणीत ऱ्हायलास. आता माज्या सेक्शनात ये." मामा अक्षयच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले, अगदी सावधानमध्ये. मंगलाष्टकं संपेपर्यंत त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला त्यांनी हात हलवला नाही. मलाही रडू आलं. पूजाची पेटी हातात होती म्हणून रुमाल तरी सापडला.

दुसऱ्या दिवशी पुण्यात घरी आले. बॅगेत डाळिंबं होती, जिभेवर दहिवडीची मिरची. रस्ता सुरेख आहे, जरूर जा. पण मनात राहिला तो मांडवातला ताठ उभा माणूस. बॅग उघडतेय तोवर त्यांचाच फोन.

"सेक्शन तीन, नंबर दोन, पोचल्याचा रिपोर्ट न्हाई!"

"पोहोचले मामा. तुम्ही कुठे आहात?"

ते उत्तर देणार तेवढ्यात शालनताईंनी फोन ओढून घेतला. "हितंच हाय, माज्या घरी. जेवायला बसलाय. आज मी ताटं मोजून मांडली, त्याच्यापास्नं सुरवात करून."