सारख्याच उरलेल्या गोळ्या

“दोगी सवती एकमेकीचं तोंड बगत न्हाईत, एकीची कोंबडी दुसरीच्या अंगनात गेली तर दगूड पडतो, आनि गोळ्या मातुर दोगी सारख्याच इसरत्यात? तूच सांग ओलूच, असं कुटं हुतंय व्हय?”

संशोधन केंद्राच्या गाडीत माझ्या शेजारी बसून सायप्रोज मांडीवरचे कागद बोटानं ठोकत होती. मी म्हणालो, “मला काय इचारतीस? मी गाडी हाकनारा मानूस.”

“गाडी हाकनाऱ्याला डोळं नसत्यात व्हय? हे बग. पैल्या म्हैन्यात थोरलीच्या बाटलीत उरल्या सहा, धाकटीच्या सहा. दुसऱ्या म्हैन्यात पाच नि पाच. तिसऱ्यात सात नि सात. त्या बेंटानं आंब्याखाली बसून आकडं भरल्यात. घरात पाऊलच टाकलं न्हाई बयानं!”

कागद बेंटाचे होते. ते हिच्या मांडीवर कसे आले, ते मी विचारलं नाही.

सायप्रोज माहेरची साक्वाची, म्हणून लग्न होऊन इकडं आली त्याला तीस वर्षं झाली तरी वस्तीतले सगळे तिला ‘साक्वाची लेक’ म्हणूनच हाक मारतात. तळ्याकाठच्या या वस्त्यांत संशोधन केंद्राची माणसं फिरायला लागली तेव्हापासून ती त्यांच्यात आहे. अठरा वर्षं. आधी हिवतापाचं औषध तपासायचं होतं, मग बाळंतिणींचं, मग डोळ्यांचं, खोकल्याचं, पोरांच्या हगवणीचं. डॉक्टर बदलले, आजार बदलले, औषधं बदलली. घरोघर जाऊन नावनोंदणी करणारी, गोळ्या मोजणारी, न आलेल्या माणसाला हुडकून आणणारी बाई तीच राहिली. टायरच्या वहाणा, खांद्याला पिशवी आणि डोळा असा की ओमेना मासळी वाळत घातलेल्या चटया बघून सांगेल, घरातला माणूस तळ्यावर आहे की दारूच्या गुत्त्यावर.

गुणी बाई. पण हेवा तिच्या अंगात दमा असावा तसा होता. एरवी दिसायचा नाही, धूळ उडाली की छाती भरून यायची. डोळ्यांचं संशोधन संपलं तेव्हाची गोष्ट. एका आंधळ्या म्हातारीला हिनं सायकलवर बसवून सात वेळा केंद्रात आणली. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, म्हातारीला दिसायला लागलं आणि ती उठून डॉक्टरच्या गळ्यात पडली. ही बाहेर सायकल धरून उभी. त्याला आता अकरा वर्षं झाली. ती म्हातारी मेली, पुरली, तिच्या मातीला जाऊन जेवून आलो आम्ही; तरी त्या घरावरून गाडी गेली की सायप्रोज तोंड फिरवते.

आणि आता ही बेंटा आदेरो. सव्वीस वर्षांची, किसुमूच्या कॉलेजातून शिकून आलेली. स्वतःची मोटारसायकल, डोक्यावर लाल हेल्मेट. केंद्राच्या भिंतीवर फळा आहे, ठरल्या दिवशी शंभरातली किती माणसं भेटली ते प्रत्येकीच्या नावापुढे खडूनं लिहितात. सतरा वर्षं वरचं नाव सायप्रोजचं. यंदा बेंटा अठ्ठ्याण्णव, ही शहाण्णव. वर त्या शुक्रवारी सगळ्या बायांवर एक मुकादमीण नेमायची होती. म्हणजे उन्हातलं फिरणं बंद, टेबल, खुर्ची आणि बाकीच्यांचे कागद तपासायचा अधिकार. सायप्रोजला ती खुर्ची पाहिजे होती. तिचे गुडघे गेले होते, हे एक. आणि बेंटा त्या खुर्चीत बसून हिचे कागद तपासणार, हे दुसरं. दुसरं जास्त दुखत होतं.

“वळव गाडी त्या सवतींच्या घराकडं, ओगोलाकडं,” ती म्हणाली.

“ते घर बेंटाच्या यादीत हाय. दुसरीच्या घरात जायचं न्हाई, असा कायदा हाय.”

“मी कुटं तपासाया जाते? पानी प्यायला जाते. तहान लागल्यावर कायदा इचारायचा?”

मी वळवली.

हे संशोधन रक्तदाबाचं होतं. औषधं दोन, एक जुनं नि एक नवं. नव्यानं दाब जास्त उतरतो का, ते बघायचं. माणसानं नाव नोंदवलं की एक बंद लिफाफा फोडायचा आणि त्यात जो आकडा निघेल त्या आकड्याची बाटली त्याची. गोळ्या दिसायला सारख्या. कुठल्या बाटलीत कुठलं औषध, ते घेणाऱ्याला ठाऊक नाही, मोजणारीला नाही, डॉक्टरलाही नाही. दूर कुठल्या तरी कंप्युटरला तेवढं ठाऊक. महिन्याला बत्तीस गोळ्या द्यायच्या, अठ्ठावीस खायच्या, चार वरकड. माणूस म्हटलं की एखाद-दोन राहतातच. कुणाच्या पाच उरतात, कुणाच्या नऊ. पण जावा असोत, सवती असोत, दोन बायकांच्या तीन महिने सारख्याच उरल्यात, असं मीही पाहिलं नव्हतं.

शेराच्या कुंपणातून गाडी आत घातली तेव्हा ओगोला म्हातारा झाडाखाली स्टुलावर बसला होता. मांडीवर तंबाखूचा पत्र्याचा डबा. आम्हाला हात दाखवून त्यानं चमच्यानं डबा तीनदा वाजवला. फाटकासमोरच्या झोपडीतून थोरली रुसालिया आली, डावीकडच्या झोपडीतून धाकटी आली. एकमेकींकडं न बघता दोघींनी तळहात पुढे केले. म्हाताऱ्यानं डब्यात दोन बोटं घातली, एक गोळी हिच्या हातावर, एक तिच्या.

सायप्रोजचं तोंड उघडंच राहिलं.

“बाबा, हे काय वो?”

“औषिद.”

“कुनाचं?”

“घराचं.” म्हातारा डब्याचं झाकण लावत म्हणाला. “बस. नाचणीची पेज हाय, पी.”

“अवो पर बाटल्या दोन हुत्या की! एकेकीची एकेक!”

“हुत्या ना. थोरलीच्या बाटलीवर दोनशे चौदा, धाकटीच्या बाटलीवर तीनशे सत्त्याहत्तर.” तो थोरलीकडं हळूच बघून म्हणाला, “तीन दिस चूल पेटवली न्हाई हिनं. म्हने मोठ्या आकड्याचं औषिद धाकटीला कशापायी? आदी या घरात मी आले का ती? आता मी काय करू? दोनी बाटल्या या डब्यात वतल्या नि हालवल्या. रोज सकाळी एकेक देतो. मी मातीला न्हाईतर तळ्यावर गेलो तर दोगीस्नी उपास. ती पोरगी मोजाया यायची आसली की उरलेल्या निम्म्या निम्म्या बाटलीत परत भरतो. कुनाला कंचं औषिद गेलं कुनाला ठावं! तुमच्या डॉक्टरलाबी ठावं न्हाई म्हनं. मग मला तरी कशाला पायजे?”

मला हसू दाबता येईना. सायप्रोजनं माझ्या पायावर पाय दिला.

“बेंटाला हे ठावं हाय?”

“तिनं इचारलं किती उरल्या, म्या सांगितलं. खोटं न्हाई बोललो. आनि गं साक्वाची लेक, हे तूच शिकीवलंस की!”

“मी?”

“मच्छरदान्यांच्या वक्ताला याच झाडाखाली हुबी ऱ्हाऊन वरडत हुतीस, घरात जे यील ते चुलीचुलीला सारखं वाटा, न्हाईतर बाया भांडतील नि मच्छरदानी फाटंल. तवापास्नं या घरात साकर सारखी, मासळी सारखी, कापड सारखं. औषिद तेवढं येगळं का ठिवू?”

रुसालिया गोळी पाण्याबरोबर गिळून म्हणाली, “आता आमच्याकडं ती लाल टोपीवाली येती. दाबाचा पट्टा आवळती तरी कळत न्हाई, लई हलका हात हाय पोरीचा. तू आवळायचीस तर मुंग्या यायच्या.”

सायप्रोज पेज न पिताच उठली.

गाडीत बसल्या बसल्या तिनं मांडीवर थाप मारली. “सापडली! आकडं खरं असूं द्या न्हाईतर खोटं, तिच्या नाकाखाली दोन औषिदं एक झाली आनि तिला वास आला न्हाई. उद्या डॉक्टरम्होरं ठिवते. बगू कशी बसती खुर्चीत!” आणि ती हसली. अकरा वर्षांत तिला इतकं मनापासून हसताना मी पाहिलं नव्हतं.

कोस-दीड कोस गेलो असू. हसू हळूहळू विरलं. मग ती म्हणाली, “थांबव.”

खाली उतरून तिनं पिशवीतून स्वतःचे कागद काढले. ती कागद आकड्यांच्या क्रमानं लावायची, घरांच्या क्रमानं नाही. त्यामुळं एका घरच्या दोन बायकांचे कागद कधी शेजारी आलेच नव्हते. आता तिनं ते गाडीच्या बॉनेटवर जोडीजोडीनं मांडले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर खडे ठेवले. तिच्या यादीत दोन चुलींची घरं सहा. पहिल्या जोडीवर बोट ठेवलं. आठ नि आठ. पाच नि पाच. दुसरी जोडी तशीच. तिसरी नाही. चौथी तशीच. सहापैकी चार.

मच्छरदान्यांच्या वेळी ती एकाच झाडाखाली थोडीच ओरडली होती?

तिनं सगळ्या जोड्या पुन्हा एकदा मोजल्या. मग एकेक खडा उचलून रस्त्याकडेला टाकत म्हणाली, “ओलूच, काय बगितलंस तू?”

“काय न्हाई. मी गाडी हाकनारा मानूस.”

गुरुवारी मी औषधांची थंड पेटी घेऊन डॉक्टर मुटुआंच्या खोलीत गेलो तर ती तिथंच बसलेली. पुढ्यात बेंटाचे दोन कागद. मी पेटीतल्या बाटल्या फ्रिजमध्ये लावत राहिलो, जितक्या सावकाश लावता येतील तितक्या.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले. “हे फार वाईट झालं, सायप्रोज. उद्या त्या घरात कुणाचा दाब उतरला तर कुठल्या औषधानं उतरला, कसं सांगायचं? आणि कुणाला चक्कर आली तर?” मग विचारलं, “तुमच्या यादीत दोन बायकांची घरं किती?”

“सहा.”

“तिथं ठीक आहे ना सगळं?”

‘व्हय’ म्हणायला किती वेळ लागतो? तिची पिशवी मांडीवर होती, तिच्या बंदाशी ती चाळा करत राहिली. मग बंद सोडला आणि चार जोड्या टेबलावर ठेवल्या, बेंटाच्या कागदांच्या वर.

नंतर परसात मी तिला म्हणालो, “गप ऱ्हायली असतीस तर शुक्रवारी खुर्ची तुजी हुती.”

ती माझ्यावर खेकसली. “नि सोमवारी बेंटानं माजं कागद जोडीजोडीनं लावलं असतं! मूर्ख न्हाई ती. तिनं हुडकून काढायचं नि माज्या नावानं सगळ्यांनी हळहळायचं? माजी चूक हाय, ती मीच दावनार. तीबी त्या पोरीला द्यायची व्हय?”

मुकादमीण नेमायचं दोन आठवडे पुढं गेलं. सगळ्या बाया घरोघर फिरल्या. एकंदर अकरा घरांत औषधं एका डब्यात गेली होती. ती घरं हिशेबातून बाजूला काढली, औषध तेवढं चालू ठेवलं आणि नवा नियम झाला: एका कुंपणाच्या आत लिफाफा एकच, सगळ्या चुलींना एकच औषध. हे सगळं वर कळवायला कागद टाइप करायचा होता. सायप्रोजला कंप्युटर येत नाही. तिनं सांगितलं, बेंटानं टाइप केलं आणि खाली दोघींची नावं घातली. वर बेंटाचं, खाली सायप्रोजचं. आता केंद्रात त्या नियमाला सगळे ‘बेंटाचा नियम’ म्हणतात.

खुर्चीही बेंटाला मिळाली. तिच्या यादीत असलं घर एक निघालं, हिच्यात चार. डॉक्टरांनी नाव सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सायप्रोजनं तीन वाजवल्या. मी मोजल्या.

बेंटा धावत तिच्याकडे आली. “आई, तुमच्यामुळं समदं कळलं बगा.”

“मला आई म्हनू नगंस. माज्या पोटची असतीस तर वरचं नाव माजं घातलं असतंस.”

पोरगी शहाणी. हसली नाही, रडली नाही, “चुकलं” म्हणाली. त्यानं सायप्रोज आणखीनच पेटली. भांडणारीशी भांडता येतं, चुकलं म्हणणारीशी काय करायचं?

बेंटा खुर्चीत बसली आणि तिची यादी फिरायला सायप्रोजकडे आली. पुढच्या सोमवारी सकाळी मी तिला ओगोलाच्या कुंपणाशी सोडली. म्हातारा झाडाखाली होता, मांडीवर डबा नव्हता, त्यामुळं हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. सायप्रोजनं नव्या बाटल्या काढून दोघींच्या हातात दिल्या.

रुसालियानं बाटली उलटसुलट केली, धाकटीच्या हातातल्या बाटलीवर नजर टाकली आणि भडकली. “दोगीस्नी एकच आकडा? मग मी थोरली कशाला झाले या घरात?”

“तुजा हात आन हिकडं,” सायप्रोज म्हणाली.

“ती लाल टोपीवाली का न्हाई आली? तिचा हात—”

“बोलू नगंस. बोललं की दाब चढतो, आकडा चुकीचा येतो.”

तिनं पट्टा गुंडाळला. जरा जास्तच आवळला, असं मला लांबून वाटलं. मग थांबली, अर्धा सोडला, पुन्हा नीट लावला. आकडा लिहिला. जुन्या बाटल्या मागून घेतल्या, पत्र्याची ताटली मांडीवर ठेवली, गोळ्या ओतल्या आणि चमच्याच्या दांड्यानं पाच-पाच करून सरकवू लागली.