टायपिंगबाईंचं दुसरं पान

शाळेच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान होतं आणि दुकानाच्या खिडकीशी टायपिंगबाई बसत. बावीस वर्षं त्या एकाच खुर्चीवर बसून लोकांचं लिहिलेलं टाइप करत आल्या होत्या, आणि त्यातून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं, की कुणालाच लिहिता येत नाही. अर्ज करणाऱ्याला अर्ज येत नाही, तक्रार करणाऱ्याला तक्रार येत नाही, आणि वकील म्हणवणाऱ्याने एकदा वाक्य सुरू केलं की ते कुठे संपवायचं हे त्याच्या अशिलालाच विचारावं लागतं. गिऱ्हाइकाचा कागद हातात आला की तिसऱ्या ओळीला बाईंचं नाक मुरडलं जायचं आणि त्या पुटपुटायच्या, "काय दिवे लावलेत." गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी.

निबंध स्पर्धेच्या महिन्यात तर हा तिटकारा उतू जायचा. स्पर्धा हायस्कूलच्या मुलांची. अक्षरावरून मूल ओळखू येऊ नये म्हणून निबंध टाइप करूनच द्यायचा, बरोबर दोन पानांचा. त्यामुळे निम्मी शाळा खिडकीशी गर्दी करायची. निबंध मुलांचे म्हणायचे एवढंच. लिहिलेले असायचे बापांनी, मावश्यांनी आणि शिकवणीच्या सरांनी. एक बाप छाती फुगवून सांगत होता की पोराने हे एका बैठकीत लिहिलंय, आणि पोरगं शेजारी उभं राहून त्यालाच विचारत होतं की विषय काय आहे.

विषय होता ‘मी जवळून पाहिलेला माणूस’. जवळून पाहिलेल्या या माणसांना ना नाक होतं ना डोळे. कुणाचे आजोबा सावली देणारा वृक्ष, कुणाची आई मंद तेवणारी ज्योत, आणि उरलेले सगळे दीपस्तंभ. आठवडाभरात बाईंनी एकोणीस दीपस्तंभ टाइप केले. "यातल्या एकानेही समुद्र पाहिलेला नाही," असं त्या घरी जाऊन लेकीला सांगत आणि एकेका बापाची नक्कल करून दाखवत. रोज जेवताना त्यांचा हा कार्यक्रम असे. लेक नववीत होती. तीही हसायची.

त्या वर्षी लेकीने स्वतः निबंध लिहिला. कागद आईच्या हातात देताना तिने एकच अट घातली, की आहे तसा टाइप करायचा, शब्दही हलवायचा नाही. बाईंना राग आला. मी कधी कुणाचं बदललंय का, असं त्यांनी विचारलं. मनातून मात्र त्या सुखावल्या होत्या. आपल्या पोरीचा पहिला नंबर यावा आणि त्या सगळ्या अकलेच्या कांद्यांचे चेहरे एकदा खिडकीतून बघावेत, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते फार हवं होतं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी कागद उघडला. निबंध त्यांच्यावरच होता. त्या हनुवटी पुढे काढून कसं टाइप करतात, नाक नेमकं कितव्या ओळीला मुरडतं, चूक सापडली की चोर पकडल्यासारखा चेहरा कसा फुलतो, सगळं होतं. बाई एकट्याच हसल्या. पोरीला डोळे आहेत, असं म्हणून त्यांनी पहिलं पान जसंच्या तसं टाइप केलं.

दुसऱ्या पानावर एक वॉचमन होता. त्याची मुलगी त्याच्याशी बोलत नव्हती, म्हणून तो तिला पाठवायचं पत्र टाइप करून घ्यायला आला होता. पत्रात त्याने लिहिलं होतं, ‘बोलत नाहीस तर नको बोलूस. पण जेवत जा. रुसलीस की तू आधी जेवण सोडतेस.’ बाईंनी त्या रात्री जेवताना त्याची हुबेहूब नक्कल केली होती, घोगऱ्या आवाजासकट. बाईंना ते आठवतही नव्हतं. लेकीने पुढे लिहिलं होतं, ‘मीही हसले. मग मला ताटातलं जाईना. आईने आजवर हजारो कागद वाचलेत, पण त्यातला हा एक चांगला होता आणि तो तिला कळला नाही. मला भीती वाटते की मीही तिच्यासारखी होईन.’

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. जिला खाऊपिऊ घातलं ती कार्टी परीक्षकांसमोर आईचे वाभाडे काढते. आधी त्यांनी मनाशी म्हटलं की असल्या निबंधाला कोण बक्षीस देणार, पोरीचंच नुकसान होईल. मग बोटं चालायला लागली. बावीस वर्षांची सवय, बोटं काही अडली नाहीत. आईच्या घामाच्या थेंबांतून माझ्या भविष्याचे मोती घडतात. ती माझ्या आयुष्याच्या वादळातला दीपस्तंभ आहे. पान बरोबर शेवटच्या ओळीपर्यंत भरलं. बाईंनी प्रिंट काढली, दोन्ही पानांना पिन मारली, पाकीट चिकटवलं आणि स्वतःच शाळेत नेऊन दिलं. लेकीला सांगितलं, आहे तसं दिलंय.

महिन्याने निकाल लागला. पहिला नंबर त्या ‘एका बैठकीत’वाल्या पोराचा आला. बाई दिवसभर धुमसत होत्या. या स्पर्धेचे निबंध शेरा मारून परत येत. संध्याकाळी लेकीने आपला निबंध आणून आईच्या कीबोर्डवर ठेवला. खाली लाल शाईत लिहिलं होतं, ‘पहिलं पान मुलीचं आहे आणि फार चांगलं आहे. दुसरं कुणा मोठ्या माणसाने घुसडलेलं आहे. मोठ्या माणसाने इतकं खोटं लिहू नये.’

बाईंची कारणं तयार होती. त्यांनी ती एकामागून एक मांडली. परीक्षकाची अक्कल काढली, शाळेची काढली. शेवटी म्हणाल्या, "माझ्यावर असलं काहीतरी लिहिलंस, ते मी मुकाट टाइप करायला हवं होतं? मी काय लिहायला हवं होतं, सांग ना."

लेक ओरडली नाही. तिने तो प्रश्न खरा धरला.

"‘वाचून वाईट वाटलं’ एवढंच लिहायचं होतंस," ती म्हणाली. "बाकी पान कोरं सोडलं असतंस तरी चाललं असतं."

मला कशाला वाईट वाटेल, असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. पण ते काही त्यांच्याच्याने म्हणवेना.