मोलगीच्या वाटेवर: चांदीचं कडं आणि चांदीचं मलम

धुळ्यात माझं चांदीचा मुलामा देण्याचं काम आहे. रसायनशास्त्र कॉलेजात नाही, जुनी पुस्तकं घेऊन घरीच शिकलो. डोंगरातले जाड दागिने जवळून पाहायचे म्हणून मोलगीचा बाजार गाठायचं ठरवलं.

पहाटेची एसटी, नंदुरबारला चहा, अक्कलकुव्याहून जीप. घाटात उलटीचा त्रास होत असेल तर पुढची जागा आधीच धरा. आम्ही चौदा जण होतो, तरी ड्रायव्हर म्हणाला, "सरकी बस भो, आखो दोन जन शेतस."

ते दोघे वेस्ताभाऊ आणि त्यांची बायको रुमलीताई. ताईंच्या मनगटाला फडकं, त्याला वास.

"तेल उडालं," वेस्ताभाऊ म्हणाले. "मोलगीच्या दवाखान्यातली सिस्टर बोलली, चांदीचा मलम लाव. मलम संपला, मग चांदीच घातली वरून. हिच्या आईचं कडं आहे, एकदम असली."

"असली आहे म्हणूनच उपयोग नाही," मी म्हणालो. "नुसती चांदी जखमेवर जवळजवळ गप्प बसते. मलमात तिचा क्षार असतो. जखमेच्या ओलीत त्यातून चांदीचे आयन सुटतात, ते जंतूंना मारतात."

रुमलीताई त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी बोलल्या. वेस्ताभाऊ हसले. "ती म्हणते, एवढा बोलतो, तर कडं काढतो का?"

निघत नव्हतं. हात सुजला होता, बोटं निळसर. मोलगीला उतरून थेट दवाखान्यात गेलो.

"कडं कापावं लागेल," सिस्टर म्हणाल्या. "थांबलात तर बोटं जातील."

रुमलीताईंनी हात पोटाशी धरला. आई गेलेली, तिचं एवढंच उरलेलं. मी म्हणालो, सांधून देईन, रेघ दिसणार नाही. त्यांनी माझ्या काळ्या बोटांकडे बोट दाखवलं.

"चांदीच्याच क्षाराचे डाग," मी सांगितलं. "रोजचं काम आहे."

वेस्ताभाऊंनी ते पावरीत सांगितलं. ताईंनी हात पुढे केला.

बाजारातल्या सोनाराकडून बारीक करवत आणली, कड्याखाली पत्र्याची पट्टी सरकवली. अकरा मिनिटं लागली. मग सिस्टरनी जखम धुऊन मलम लावलं.

उरलेल्या वेळात बाजार पाहिला. भगर जरूर घ्या. आमचूर हातावर चोळून मगच.

घरी येऊन कडं सांधलं, पाठवलं. परवा वेस्ताभाऊंचा फोन आला: बोटं वळतात, ताई भाकरी थापतात, कडं आता उजव्या हातात. पुन्हा कोणी जखमेवर कडं चढवू नये म्हणून सिस्टर आता 'चांदी' हा शब्दच काढत नाहीत, सगळ्यांना 'पांढरा मलम' सांगतात. असली ढोबळ नावं मला खपत नाहीत. हे खपवून घेतलं.